छातीतली पावलं

दीपाली : पाणी घातलं म्हणजे? प्यायला दिलं?

शांती : न्हाई अक्का, डोक्यावर ओतलं. विहिरीचं गार. दर खेपेला एका कळशीत उतरतंय. आज कळशीवर कळशी ओतली तरी उतरंना.

दीपाली : काय उतरेना?

शांती : भार. आमच्या आत्तींच्या अंगात सातेरी देवी येते की.

दीपाली : तरीच! मी म्हणते, बाहेर रखरखीत ऊन आणि तुझ्या सासूबाई दवाखान्यात नखशिखांत भिजून कशा आल्या. मावशी, हात सैल सोडा. कोपराच्या आतल्या बाजूला सुई लावते. जरा टोचेल.

रुक्मिणी : टोच गे बाय. करवंदीच्या जाळ्यांत जल्म गेला माझा. सुईचं काय कवतिक.

दीपाली : छातीत दुखतंय? चक्कर येते?

रुक्मिणी : दुखत न्हाई. धडधडतंय. पार गळ्यापतोर. आत कोन तरी पळत सुटलंय.

दीपाली : पळतंयच. हा पडदा बघा, ह्यावर तुमच्या काळजाचे ठोके दिसतात. मिनिटाला एकशे नव्वद. माझे आत्ता मोजले तर ऐंशीच्या आसपास भरतील.

रुक्मिणी : तुझं मानसाचं हाय. हे देवीचं.

शांती : आत्ती, गप ऱ्हावा की जरा.

रुक्मिणी : का गप? सकाळधरनं बोलायचं म्हटलं तर त्वांड उघडत नव्हतं. आता उघडलंय तर बोलू दे.

दीपाली : बोलू दे त्यांना, शांती. ह्या बोलतायत तोवर मला घोर नाही. प्रेशरही बरं आहे. दमा आहे का मावशी? दम्याच्या गोळ्या?

रुक्मिणी : दमा माझ्या न्हवऱ्याला हुता. तो घेऊन गेला संगट.

दीपाली : आज काय खाल्लं-प्यालं?

शांती : काय बी न्हाई अक्का. कौलाचा उपास कडक असतोय. कालपासनं पाण्याचा घोट न्हाई.

दीपाली : बरं. सर, ईसीजी झाला. … हां सर. … हो, सुई कोपरालाच लावलीय. — हे आमचे नागेश डॉक्टर, पलीकडच्या टेबलाशी. कागदाचा फोटो ते बेळगावच्या हार्टच्या डॉक्टरांना पाठवतायत. तिकडून निरोप आला की औषध द्यायचं. तोवर मला सांगा, सुरू कधी झालं हे?

शांती : सकाळी, देवळात. कौल लावला हुता.

दीपाली : कुणाचा?

शांती : माझाच.

रुक्मिणी : मी सांगते. माझा ल्योक, वासू, फोंड्याला गाडी चालवतोय. तिथं खोली मिळाली, बायकोला धाडून दे म्हणतोय. आमच्या वाडीची रीत हाय, घरातलं मानूस परगावी ऱ्हायला जायाचं तर आधी देवीला इचारायचं. आणि देवीला इचारायचं मंजे मला.

दीपाली : म्हणजे सुनेनं जावं का नाही, ते देवी सांगणार, सासूच्या तोंडातून. चांगली सोय आहे की.

रुक्मिणी : हसू नको गे.

दीपाली : चुकलं. सवय आहे मला. मग काय म्हणाली देवी?

शांती : कायच न्हाई. देवळाचे मानकरी कृष्णा गावकारांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, आणि आत्तींची छाती उडायला लागली. सगळी हात जोडून उभी. ऊन डोक्यावर आलं तरी शब्द न्हाई. तोंड पांढरं फटक पडलं, तवा मी म्हटलं, दवाखान्यात नेऊया. गावकार म्हटले, देव अंगावर असताना मानूस उंबऱ्याभायर काढत न्हाईत. आधी कौल होऊ दे.

दीपाली : मग?

शांती : मग काय! विनायक भावजींची पिकअप देवळामागं उभी हुती. उचललं नि घातलं गाडीत.

दीपाली : म्हणजे स्वतःचाच कौल अर्धा टाकून आलीस?

शांती : मानूस मेल्यावर कौल घेऊन काय पुजू?

रुक्मिणी : मेले न्हाई मी. आणि कौल बी अर्धा न्हाई ऱ्हायला. हितं हाय, छातीत. भायर पडायचाय तेवढा.

दीपाली : पडेल तेव्हा पडेल. आधी ही रिकामी सिरिंज घ्या. ह्यात तोंडानं फुंकायचं, आतला दट्ट्या हलेपर्यंत. मग मी तुम्हाला पटकन आडवं करणार. शांती, तू लगेच पाय वर धरायचेस.

रुक्मिणी : ही काय पिपाणी?

दीपाली : पिपाणीच समजा. चुलीत ओलं लाकूड आहे, पेटत नाहीये. फुंका… अजून… सोडू नका… हां, आता आडव्या! पाय वर घे, शांती!

शांती : आकडा हाय तिथंच हाय, अक्का.

दीपाली : आहे खरा. काहींचं एवढ्यावर भागतं. तुमची कळशीसुद्धा ह्यातलीच बरं का मावशी.

रुक्मिणी : ह्यातलीच मंजे?

दीपाली : गार पाणी तोंडावर आलं, श्वास कोंडला, की डोक्यातून एक शीर काळजापर्यंत गेलेली असते, ती काळजाला सांगते, जरा दमानं. आमच्या पुस्तकात लिहिलंय, तोंड गार पाण्यात बुडवा म्हणून. फक्त डोक्यावर नाही, तोंडावर.

रुक्मिणी : ऐकलंस शांती? पुस्तकात हाय मनं. आमच्या आजेसासूला कोन पुस्तक वाचून दावलं हुतं?

शांती : पण अक्का, पुस्तकात ह्याला भार म्हणत न्हाईत.

दीपाली : एसव्हीटी म्हणतात. काळजात करंट जायच्या वाटा असतात. एखाद्याला जन्मापासून एक जादा वाट असते, एरवी बंद असल्यासारखी. मग उपास, जागरण, भीती, असं काही झालं की करंट त्या आडवाटेला लागतो आणि तिथल्या तिथं गोल फिरत बसतो. बाहेर पडायची वाट सापडत नाही त्याला.

रुक्मिणी : हं. … ह्या ट्रेमधी किती बाटल्या मांडल्यास गे! देवीम्होरं बी इतक्या वाट्या नसत्यात. ही कशाची?

दीपाली : तुम्हाला कशाला?

रुक्मिणी : सगळा मुलूख मलाच इचारत असतोय. गाय कुटं गेली, पोरगी कवा उजवंल, बोअरला पानी लागंल का. मला कुनाला कायबी इचारायची पाळीच येत न्हाई. आज आली हाय, तर सांग की.

दीपाली : बरं, विचारा. ही ॲड्रेनालिन. मी नंदिगड्ड्याच्या दवाखान्यात होते तेव्हा एकाला आणलं होतं. मध काढायला चढला आणि आग्या माश्या उठल्या. तोंड सुजून डोळे दिसेनात, घसा आवळला, नाडी लागेना. ह्यातलं थोडंसं मांडीत टोचलं. बघता बघता उठून बसला नि विचारतो, माझी कोयती कुठाय.

रुक्मिणी : गणपती. कुळगी गावाच्या अंगाला ऱ्हातोय, तोच ना?

दीपाली : नाव मी सांगत नसते.

रुक्मिणी : नको सांगू. कोयतीवरनंच वळकलं. मग मला ही दे की.

दीपाली : अहो, नको! ही काळजाला पळवते. तुमचं आधीच पळतंय.

रुक्मिणी : मंजे देव उतरवायची बाटली येगळी आणि चढवायची येगळी! बरं झालं, आमच्या गावकाराला ठावं न्हाई. ही बारकी?

दीपाली : ॲट्रोपिन. शेतात मारायचं औषध अंगात गेलं की हे लागतं. एकदा दोनदा नाही, देतच राहायचं, तोंडाची लाळ सुकेपर्यंत. पण जास्त चढलं की माणूस भ्रमतो. एक जण असाच बसून हवेतून काहीतरी वेचायचा. घरच्यांनी आम्हाला न विचारता उचलून नेलं त्याला.

रुक्मिणी : तुकाराम! त्याला माझ्याकडं आनलं हुतं. भुतानं धरलंय, हवेतली फुलं तोडतोय, म्हणून.

दीपाली : अगं बाई! मग देवी काय म्हणाली?

रुक्मिणी : दूधभात घाला मनली. दोन दिसात उतरंल.

दीपाली : आणि उतरलं?

रुक्मिणी : उतरलं की.

दीपाली : ते औषध उतरलं हो त्याच्या अंगातलं.

रुक्मिणी : दूधभात बी गेलाच की पोटात.

शांती : अक्का, आत्तींशी वादाला लागू नका. गावात अजून कोनी जिंकलं न्हाई.

दीपाली : दिसतंय. … हां सर? आलं उत्तर? … बरं. … हो, आहे आपल्याकडं. — मावशी, निरोप आला. तुमची बाटली ही.

रुक्मिणी : एवढीशी? हिचं नाव काय?

दीपाली : ॲडेनोसिन. आता मी जे सांगते ते नीट ऐकायचं, आणि घाबरायचं नाही. हे औषध रक्तात गेलं की काही क्षण टिकतं, मग विरून जातं. म्हणून ते झटक्यात द्यायचं आणि मागोमाग सलाईन जोरात सोडायचं, म्हणजे लोंढ्यासारखं काळजापर्यंत पोचतं. तिथं पोचलं की ते… काळजाला थोडा वेळ थांबवतं.

शांती : थांबवतं मंजे? बंद?

दीपाली : बंदच म्हण. चार-पाच सेकंद. ह्या पडद्यावर रेघ सरळ दिसेल. मग काळीज आपणहून पुन्हा सुरू होतं, बहुतेक वेळा चांगल्या चालीनं. त्या तेवढ्यात छाती आवळल्यासारखी होते, तोंड तापतं. पेशंट सांगतात, मेल्यासारखं वाटलं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे दचकायला नको.

रुक्मिणी : नको.

दीपाली : मावशी—

रुक्मिणी : नको मनलं की. सुई काढ. शांती, विनायकाला सांग गाडी वळवायला.

शांती : आत्ती, असं काय करताय? गाडीत तुमचा हात गार पडला हुता. माझं काय झालं असंल, इचार केलासा?

रुक्मिणी : तुला न्हाई कळायचं. बाय, तू तर शिकलेली हायस. ही धडधड मंजे तिची पावलं. लांबनं वाजत येत्यात, मग ती पोचते, मग मी ऱ्हात न्हाई, तीच ऱ्हाते. तू पावलं पुसून टाकलीस तर ती यायची कशी? न्हवरा गेल्यावर ह्या गावात मला कोन इचारत हुतं? बांधावर उभी ऱ्हायले तरी हटकायचे. सातेरी आली तवापासनं माझ्या अंगणात गाड्या थांबत्यात. मी मेले तरी चालंल. ती गेली तर मी काय हाय?

दीपाली : … मी एक विचारू? मघाशी हसले तसं नाही, खरंच विचारते. ती येते तेव्हा कसं वाटतं?

रुक्मिणी : कुनी इचारलं नव्हतं हे. … पायातनं येते. तळवे गार हुत्यात, मातीत रोवल्यागत. मग वर वर चढते. मग मला कायबी ऐकू येत न्हाई. मागनं हीच सांगते, आत्ती तुमी असं बोलला, तसं बोलला.

दीपाली : आणि आज?

रुक्मिणी : आज?

दीपाली : आज देवळात काय ऐकू येत होतं?

रुक्मिणी : आज… सगळं ऐकू येत हुतं. कृष्णा गावकार खोकत हुता. कुनाचं तरी लेकरू खाऊला रडत हुतं. ही माझ्या पाठीमागं उभी हुती, हिच्या बांगड्या हलत हुत्या.

दीपाली : पाय?

रुक्मिणी : पाय माझेच हुते. दुखत हुते.

शांती : आत्ती, मग आज ती आलीच नसंल. नुस्ती छातीच पळाली असंल.

रुक्मिणी : दर खेपेला दोनी एकदम येत्यात गे. कोन कुनाला घेऊन येतंय, मला कसं कळावं?

दीपाली : मला तर त्याहून नाही कळणार. देवी आहे का नाही, हे सांगणारी बाटली माझ्या ट्रेमध्ये नाही. मला एवढंच दिसतंय की काळीज एकाच जागी फिरतंय आणि दमत चाललंय.

रुक्मिणी : एकाच जागी. … बाय, मघाशी तू आडवाट म्हटलीस. गोल गोल फिरतंय म्हटलीस. मंजे चकवा लागलाय की त्येला!

दीपाली : कसला चकवा?

रुक्मिणी : रानात लागतोय तो. वळखीचंच रान, पन मानूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतंय. जितकं पळंल तितकं गुतत जातंय. माझा बा सांगायचा, चकवा लागला की चालायचंच न्हाई. हाय तिथं मटकन खाली बसायचं. बसलं की चकवा सुटतोय, मग उठून बघावं तर वाट म्होरंच असते.

दीपाली : … मावशी, हे औषध तेच करतं. काळजाला खाली बसवतं. बस्स.

रुक्मिणी : आणि उठलं न्हाई तर?

दीपाली : उठतं. नाहीच उठलं तर उठवायला हे मशीन आहे, मघाची ॲड्रेनालिन आहे, मी आहे, डॉक्टर आहेत. खरं सांगू? हे औषध देताना दरवेळी माझं काळीज तेवढ्यापुरतं थांबतं. पडद्यावरची रेघ उसळली की मग माझं सुरू होतं.

रुक्मिणी : मंजे दोघींचं थांबतंय! मग दे. तू बी येतेस तर मला भ्या न्हाई. शांती, हात धर माझा. तो न्हाई, सुईचा तिला पायजे.

दीपाली : शांती, इथं सही कर. … सर, रेडी. औषध भरलंय, सलाईन भरलंय. … मावशी, हात वर धरते हां. एक, दोन…

रुक्मिणी : … आई ग. … तापलं. … छातीवर कोन तरी बसलं.

दीपाली : बसू दे. श्वास घ्या. जाईल, आत्ता जाईल.

शांती : कमी झालं! अक्का, आकडा खाली… न्हाई. पुन्यांदा वर चालला.

दीपाली : हो, गेला वर. थांबायला आलं होतं, पण थांबलं नाही. असं होतं कधी कधी. सर, दुप्पट? … हो. … काय सर? … नाही, कालपासून उपाशी आहेत, काही घेतलं नाही म्हणतात. … थांबा, विचारते. शांती, खरं सांग. सकाळपासून काही पोटात गेलंय? चहा?

शांती : न्हाई म्हटलं की अक्का. उपास हाय. नुस्ता काळा चहा.

दीपाली : काळा चहा!

शांती : तो उपासात धरत न्हाईत. कौलाच्या मानसाला झोप लागू नये म्हणून आदल्या दिवसापासनं देत्यात. कडू, घट्ट. पानी प्यायचं न्हाई, चहा प्यायचा. रीतच हाय.

दीपाली : किती प्याल्या?

रुक्मिणी : कोन मोजतंय? प्रत्येक घरातनं एक लोटी येते. न्हाई म्हटलं तर त्यांना वाईट वाटतंय.

दीपाली : अख्ख्या वाडीचा चहा! सर, चहा झालाय. भरपूर. … हां, म्हणूनच. — अगं शांती, चहात जे असतं ना, ते ह्या औषधाला काळजाच्या दारातच अडवतं. औषध बाहेर उभं आणि चहा आत बसलेला. त्यात चहा काळजाला पळवतोही. मी काय खाल्लं-प्यालं विचारलं, तेव्हा हे का नाही सांगितलंस?

शांती : चहाचं कुटं इचारलंसा तवा? उपास तर हुता!

दीपाली : झालं. माझीही चूक, खोदून विचारायला हवं होतं. मावशी, आता दुप्पट देणार. जास्त जड जाईल. चालेल?

रुक्मिणी : बसायचं तर नीट बसू दे. अर्ध्या उठाबशा नकोत.

दीपाली : शांती, हात सोडू नकोस. सर… हो. देते.

(पडद्यावरची रेघ सरळ जाते, सरळच जाते, मग एकदा उसळते, पुन्हा उसळते, आणि सावकाश एकामागून एक ठोके पडू लागतात.)

शांती : आत्ती! आत्ती, बोला की!

रुक्मिणी : … ओरडू नको. हाय मी.

दीपाली : चौऱ्याऐंशी. सर, चौऱ्याऐंशी! … हां, नीट चाल आहे. कागद काढते. — हुश्श. माझंही सुरू झालं बघा.

शांती : रडू कशाला येतंय मला आता? मगाशी नव्हतं आलं.

रुक्मिणी : मगाशी येळ कुटं हुता तुला. बाय, किती शांत झालं गे. कान फुटल्यागत वाटतंय. त्या टायमाला मी कुटं हुते?

दीपाली : इथंच. ह्या खाटेवर.

रुक्मिणी : भायरनं तसं दिसलं आसंल. आतनं… बाजार उठल्यावर मैदान कसं दिसतंय, तसं. कुनी नव्हतं. मी बी नव्हते. भ्या बी नव्हतं.

दीपाली : बहुतेक जण म्हणतात, पुन्हा नको बाई हे.

रुक्मिणी : पुन्यांदा नकोच. म्हटलं, नुस्तं कसं हुतं ते सांगितलं.

शांती : फोन वाजतोय. गावकार. … हालो. … व्हय, बऱ्या हायत. … बोलत्यात की. … आत्ती, ते इचारत्यात, देवी काय बोलली?

रुक्मिणी : बोलली न्हाई मनावं.

शांती : न्हाई बोलली म्हणत्यात. … हां. … हां. … म्हणत्यात, मग अमोशेला पुन्यांदा कौल लावूया.

रुक्मिणी : ह्या गोष्टीचा न्हाई लावायचा. सांग आणि ठेव फोन.

शांती : आत्ती, गावकार हायत ते!

रुक्मिणी : ठेव. मी घरी जाऊन बोलते त्याच्याशी. बाय, हे पुन्यांदा येनार?

दीपाली : येऊ शकतं. डॉक्टर गोळी लिहून देतील, ती चुकवायची नाही. बेळगावला एकदा दाखवून या, ती जादा वाट कायमची बंद करायची सोय असते तिथं. मध्येच आलं तर फुंकायचं, गार पाण्यात तोंड घालायचं. नाही उतरलं तर सरळ १०८ ला फोन. आणि काळा चहा बंद, देवीनं सांगितला तरी.

रुक्मिणी : घरात एकटं मानूस असलं, तर?

दीपाली : शेजारी कोण आहे?

रुक्मिणी : लक्ष्मी हाय. परड्यापलीकडं. हाक मारली की येते.

दीपाली : मग पुढच्या खेपेला तिला घेऊन या. सगळं समजावते.

शांती : एकटं कशाला? मी हाय की.

रुक्मिणी : तू गप. मला बोलू दे. सकाळी नारळ ठेवला, तवा माझ्या मनात देवी नव्हती. एकच हुतं, ही गेली तर आजारीपाजारी पडल्यावर मी कुनाला हाक मारू. ते भ्या वाढत गेलं आणि छाती पळाय लागली. ती यायची हुती का न्हाई, मला ठावं न्हाई. माझं भ्या तिच्या आधी येऊन बसलं हुतं.

शांती : मग मी न्हाई जात, आत्ती. तुमी असं बोलल्यावर मी कशी जाऊ?

रुक्मिणी : बघ, इचारल्याबिगर उत्तर देतेस. वासूनं मला इचारलं. मी गावकाराला सांगितलं. गावकारानं देवीला इचारलं. तुला कुनी इचारलं?

शांती : … कुनी न्हाई.

रुक्मिणी : मग मी इचारते. देवी म्हणून न्हाई. त्या पडद्यावर बघ, छाती शांत हाय माझी. देवीचा शबुद मोडता येत न्हाई. माझा येतोय. म्हणून खरं सांग. तुला जायाचं हाय?

शांती : हाय, आत्ती. लई दिस झाले जायाचं हाय. पन तुमाला सोडून जायाचं म्हटलं की पाय उचलत न्हाई.

रुक्मिणी : ते दोनी खरं आसंल. जा तू.